इसरूला कुशीवर घेणाऱ्या बाया

धुरपता पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं खोटं वाटायचं नाही. मी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात सिस्टर होते. एका पाळीला चाळीस खाटा आणि मी एकटी. अशात ही बाई दर दोन तासांनी माझ्या टेबलाशी हजर.

"सिस्टरबाई, त्याले कुशीवर घ्याचं हाय. चला."

तो म्हणजे तिचा नवरा इसरू. मार्कंड्याकडच्या एका खेड्यातला. दर मे महिन्यात लोकांच्या घरांवर चढून कवेलू फेरायचा, फुटकी कौलं काढून नवी बसवायचा. त्या वर्षी एका छपराचा वासा मोडला आणि तो पाठीवर, ओट्याच्या दगडावर आदळला. कमरेखालचं सगळं गेलं. लोक त्याला मोटरसायकलवर मधे बसवून आणायला निघाले होते. धुरपताने घराचं दार काढायला लावलं आणि त्यावर निजवून ट्रॅक्टरने आणलं. शिकल्यासवरल्यांनाही हे सुचत नाही.

डॉक्टर तिला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, एका अंगावर पडून राहिला तर कातडी सडेल, दर दोन तासांनी कूस बदला. पण पाठ वाकू द्यायची नाही, सगळं अंग एकदम फिरवायचं. त्याला चार माणसं लागतात. ती आमच्याकडे कुठून असणार? एकदा मी तिच्यावर खेकसलेच, "मी काय तुझ्या एकटीसाठी आहे का?"

 त्यानंतर ती टेबलाशी यायची बंद झाली.

गावात ती रोवणीच्या बायांची टोळी चालवायची. आज तुझ्या बांधीत धान लावू, उद्या माझ्या, असा त्यांचा हिशोब. तेच तिने वॉर्डात सुरू केलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून सोमारी, पाय मोडलेल्या मुबीनची आई अमिना आणि भाऊ भरती असलेली बुधरी, अशा तिघी तिने जमवल्या. धुरपता त्यांच्यासाठी एक्स-रेच्या रांगेत उभी राहायची, पाणी आणायची, म्हाताऱ्याच्या चादरी धुवायची. बदल्यात दोन तास झाले की चौघी इसरूच्या खाटेभोवती. "धरा... हूं!" की इसरू फिरला. तो बिचारा लाजून चूर व्हायचा.

"चार चार बाया लागतेत मले," तो म्हणायचा. "राजालेबी लागत नसंन." हसायचा आणि मग तोंडावर चादर ओढून घ्यायचा. चादरीखाली तो रडतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सतरा दिवसांत त्याच्या पाठीवर लाल डागसुद्धा उठला नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत असं मी क्वचित पाहिलं.

पण मणक्याच्या हाडाचा तुकडा आत रुतला होता. त्याचं ऑपरेशन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातच होणार होतं. आमच्या मुख्य डॉक्टरसाहेबांना विचारलं की उत्तर एकच: तिथे खाट रिकामी नाही. अठराव्या दिवशी चौघी साहेबांच्या दारात फतकल मारून बसल्या. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. साहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी मला बोलावलं.

"सिस्टर, यांना उठवा."

"तुम्ही शहरात फोन करा, साहेब," मी म्हटलं. "आपोआप उठतील." कुठून हिंमत आली कोण जाणे. साहेबांनी फोन केला, आणि इतके दिवस नसलेली खाट दहा मिनिटांत सापडली.

ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा अमिना रडत होती आणि धुरपता हसत होती. मलाही लढाई जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी स्वतःवर खूश होते.

तीन आठवड्यांनी ती त्याला घेऊन परत आली. ऑपरेशन झालं होतं, चांगलं झालं होतं. पण तिथे नातेवाइकांना संध्याकाळी एक तास सोडत. तिने इतर बायांना जमवायला पाहिलं तर चौकीदाराने हाकललं. कूस कोणी बदलत होतं की नव्हतं, तिला कळायला मार्ग नव्हता. कळलं ते वासावरून. माकडहाडापाशी माझी मूठ जाईल एवढी जखम, आणि अंगात ताप.

आमच्याकडच्या जुन्या बाया घरी गेल्या होत्या. तिने नव्या जमवल्या, आणि त्या कमी पडतील तिथे मी हात लावला. आता न बोलावता जात होते. जखमेतलं विष रक्तात उतरलं होतं. नवव्या दिवशी, बाहेर सगळीकडे रोवणी जोरात चालू असताना, इसरू गेला.

गाडीची वाट बघत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सिस्टरबाई, मी भांडली नसती, त्याले इथीच ठेवलं असतं, तं वाचला असता का थो?"

माझ्याकडे उत्तर होतं. तुकडा काढणं गरजेचंच होतं, हे खरंच होतं. ते मी सांगितलं. तिने मान हलवली, पण ती तिथून हलेना. तिला हे उत्तर नको होतं, आणि मलाही ते पुरत नव्हतं.

"धुरपता," मी म्हटलं, "साहेबांना फोन करायला मीच लावलं होतं. तुम्ही नुसत्या बसला होतात. पाठवलं मी."

 ती टेबलाचा काठ धरून खाली बसली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

"मले वाटलं," ती म्हणाली, "मी एकटीनंच धाडलं त्याले."