पडद्यावरची सवत

तीन आठवड्यांच्या रजेत मुली बघून, त्यातली एक पसंत करून, लग्न उरकून परत यायचं, अशी त्या काळी अमेरिकेतल्या मुलांची रीत होती. आमचे हेही तसेच आले आणि मला घेऊन न्यू जर्सीला परतले. इथे येऊन आठवडा झाला असेल. मी नव्या स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात काय ठेवायचं ते ठरवत होते, तेव्हा हे अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "तुला एक सांगायचंय. लपवून ठेवणं मला जमत नाही."

गोष्ट तशी काहीच नव्हती. इथे शिकत असताना वर्गातल्या एका अमेरिकन मुलीबरोबर हे एक जुना, काळापांढरा सिनेमा बघायला गेले होते. एकदा नाही, दोनदा. मग तिला दूर कुठेतरी नोकरी लागली, तिने लग्न केलं, विषय संपला. एवढ्यावर थांबले असते तर मीही विसरून गेले असते. पण हे पुढे म्हणाले, "सिनेमा मात्र फार सुंदर होता गं."

त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. ती बिचारी आपल्या संसाराला लागली होती. पण लग्नाला महिना होत आला तरी या माणसाने मला एकदाही सुंदर म्हटलं नव्हतं, आणि सिनेमा फार सुंदर! तेव्हापासून तो सिनेमा माझी सवत झाला. न बघताच मी त्याचा मनापासून दुस्वास केला, आणि अशी कामं मी नीट करते. एकदा हे लायब्ररीतून त्याची व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. दुपारी हे ऑफिसात असताना मी ती परत देऊन आले आणि संध्याकाळी सांगून टाकलं, "टेप खराब होती. मशीनमध्ये अडकत होती." हे "अरेरे" म्हणाले आणि वरणभात जेवले.

पुढे मुलगी झाली, वेस्ट विंडसरला घर झालं, दोघंही रिटायर झालो. आमच्या दोघांत सिनेमाचा विषय परत निघाला नाही. गेल्या वर्षी यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी युक्ती शिकवली, की जे बघायचं त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, थोडं बाजूला बघायचं. त्यामुळे माझ्याकडे बघायचं असलं की हे माझ्या खांद्यावरून फ्रिजकडे बघतात. सुरुवातीला मी दोनतीनदा उठून फ्रिजमधून ताक काढून दिलं. नंतर कळलं, ताक नको होतं.

या वसंतात मुलीचा फोन आला. "आई, बाबा मला सांगायचे ती ओल्ड मूव्ही आहे ना, ती तुमच्या जवळच्या थिएटरमध्ये लागतेय. वेन्सडेला, मॅटिनी. बाबांना घेऊन जा."

"त्यांना दिसणार काय?"

"तू नॅरेट कर ना. मराठीत. हू विल नो?"

मी टाळाटाळ केली. गुडघे, पार्किंग, जे सुचेल ते सांगितलं. मग मुलगी हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, कडेचंही हळूहळू जाईल. लास्ट चान्स आहे, आई." मी हो म्हटलं. यांनी चार दिवस आधीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. तो खुर्चीवर टांगलेला दिसला की मला माझीच लाज वाटायची.

बुधवारी दोन वाजता आम्ही थिएटरात होतो. पर्समध्ये चिवड्याची पुडी, कारण तिथल्या पॉपकॉर्नने यांचा घसा धरतो. आम्ही मागच्या कोपऱ्यात बसलो, मी भिंतीकडच्या खुर्चीवर आणि हे माझ्या शेजारी. पुढे आमच्याच वयाची दहाबारा माणसं होती. दिवे गेले आणि माझी सवत पडद्यावर आली.

गोष्ट साधी होती. समुद्राकाठी छोटं हॉटेल, नवराबायको मिळून चालवतात. हिवाळ्यात एक गाणारी बाई तिथे राहायला येते, आणि ती निघते नवऱ्याची जुनी ओळख. मी कुजबुजत सांगायला लागले, पण हात आखडता घेऊन. "एक बाई आली. बॅग आहे. टोपी आहे."

"टोपी मला दिसली," हे म्हणाले. "दिसायला कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी?" हे इतके हसले की पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून बघितलं.

खरं सांगते, ती बाई काही बरीबिरी नव्हती. तिने जिन्यावरून खाली येताना एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने हातमोजा काढला आणि वर बघितलं, तेव्हा मी सांगायचंच विसरले. हे वाट बघत बसले होते. माझ्यातल्या सवतीने कितीही ओढून धरलं तरी खोटं बोलवेना. "अहो, फार देखणी आहे," मी म्हणाले. "डोळ्यांत पाणी आहे, पण पडत नाहीये. उजेड फक्त तिच्या गालावर आहे, बाकी सगळा जिना अंधारात आहे." हे मान डोलवत होते. मग मी सुटलेच. पडदे कसे हलतात, नवरा तिच्याकडे बघायचं टाळून दिव्याची काच किती वेळ पुसतो, सगळं सांगितलं. चिवडा तसाच राहिला.

मी धरून चालले होते की त्यातली बायको कजाग दाखवली असेल. सिनेमातल्या मत्सरी बायका तशाच असतात, भुवया उंच आणि ओठ पातळ. ही तशी नव्हती. चाळिशीची, दमलेली, हाताला पीठ लागलेली. नवऱ्याने त्या गाणारीला लिहिलेलं पत्र तिच्या हाती लागतं आणि ती ते चादरींच्या कपाटात लपवते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि हलतच नाही. कुणीतरी, माझ्या जन्माच्या आधी, हा चेहरा इतक्या मायेने दाखवला होता! तिला वाईट ठरवायची कुणाला घाई नव्हती. मी इतकी वर्षं ज्याचा दुस्वास केला, तो सिनेमा माझ्याच बाजूने बोलत होता.

"काय चाललंय?" यांनी विचारलं.

"तिने पत्र लपवलं. चादरींच्या खाली." मग मी म्हणाले, "अहो, ती कॅसेट खराब नव्हती."

"माहीत आहे."

"कसं?"

"अगं, त्या आठवड्यात आपलं मशीनच दुरुस्तीला गेलं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी आणणार होतो, म्हणून कॅसेट आधीच आणून ठेवली होती."

मी कपाळावर हात मारला. "मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं खोटं बोललीस, म्हणजे तुला किती लागलं असेल. मी त्या सिनेमाला सुंदर म्हटलं, तो मूर्खपणा माझाच." मग हे म्हणाले, "त्या मुलीचा चेहरा तर मला केव्हाच आठवेनासा झाला. पुढे सांग."

मी पुढचं सांगायला लागले. शेवटी ती गाणारी निघून जाते. बायको तिच्यामागे तशीच, कोटाशिवाय, बर्फातून स्टेशनवर पळते आणि पत्र स्वतःच्या हाताने तिला देते. गाणारी ते फोडत नाही, हातमोज्यात सरकवते आणि बायकोच्या केसांवरचा बर्फ झटकते. इतकं चांगलं काही मी आयुष्यात फार कमी वेळा बघितलंय. मी एकेक गोष्ट सांगत होते, वाफ, कंदील, गाडीचं दार, आणि आता रडतही होते.

मधेच माझं लक्ष यांच्याकडे गेलं. यांचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. मान वळवून हे माझ्या पलीकडे, भिंतीतल्या दाराकडे बघत होते, जिथे एक्झिटची लाल अक्षरं पेटलेली होती.

"बाथरूमला जायचंय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग दाराकडे काय बघताय? शेवट चाललाय. याच्यासाठी तर आलो ना आपण?"

"तू सांग," हे म्हणाले. "मी ऐकतोय." मान काही वळली नाही.

मी पुन्हा पडद्याकडे वळले, गाडी हलली म्हणून सांगितलं, आणि मग मला फ्रिज आठवला. हे दाराकडे बघत नव्हते. दाराच्या अलीकडे मी बसले होते.