न तापवायची चकती

भुईगावात माझी आणि माझ्या एका सहकाऱ्याची वाडी शेजारी-शेजारी आहे. नोकरीलाही आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो, इलेक्ट्रॉनचे जोरदार झोत तयार करण्याच्या कामावर. माझी हयात तापलेल्या तारेपुढे गेली. तार लाल झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. सगळे असंच करत. त्याने मात्र फेरोइलेक्ट्रिक पदार्थाची चकती घेतली, चिनीमातीसारखी भाजलेली, कोटाच्या गुंडीएवढी. अशा पदार्थात विजेचे भार एका दिशेने रांगेत उभे असतात. विजेचा एक झटका दिला की रांग उलटते आणि पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतात. तापवणं नाही, वाट पाहणं नाही.

"तुझी तार तापेस्तोवर माझं उरकतं," तो म्हणायचा. "तू आपला चहा ठेव तिच्यावर."

सगळे हसायचे, मीही हसायचो. त्याच्या वाडीतले केळीचे घड माझ्याहून मोठे, ते मी सोसलं होतं. ही गुंडी सोसवेना.

वरिष्ठ मंडळी प्रयोग बघायला येणार होती. आदल्या दिवशी चकती बसवलेल्या बंद पात्रातली हवा काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही तारवाले हवा काढताना पात्र चांगलं तापवतो, म्हणजे आत चिकटलेली वाफ निघून जाते. त्याने मला बजावलं होतं, "कोमटच ठेव. जास्त तापली तर चकतीतली रांग मोडेल."

मी विसरलो नव्हतो. तापवायचं बटण पुढे फिरवलं, पात्र निवेपर्यंत थांबलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी झटक्यामागून झटके दिले, झोत काही आला नाही. त्याला वाटलं, आपलं मिश्रणच चुकलं. त्याने ते काम कायमचं सोडलं. माझी तार चालू राहिली.

गेल्या आठवड्यात तो पानवेल बांधत होता, तेव्हा कुंपणापाशी जाऊन मी सगळं सांगून टाकलं. त्याचे हात थांबले.

"किती तापवलंस?"

"बटण पार शेवटपर्यंत."

मग घराकडे वळून त्याने बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? माझी चकती चांगली होती!"

"कसली चकती? वेल बांधून झाली का आधी?"

तो लगबगीने ओट्याकडे गेला आणि हातवारे करून तिला समजावू लागला. मला शिवी द्यायचंही त्याला सुचलं नाही. माझ्या तारेने मला इतका आनंद कधीच दिला नव्हता. कुंपणाशी उभा राहून मी पुन्हा त्याच्यावर जळत होतो.