दोनदा एंटर

दवाखान्याच्या तळमजल्यावर रुग्णांच्या कागदपत्रांची खोली होती. ती बावीस वर्षं एकाच बाईने सांभाळली. सगळे तिला ताई म्हणत. पाणी प्यायला उठली तरी ताई कॉम्प्युटर लॉक करून उठायची. कुणी हसलं की म्हणायची, "तुमच्या मूळव्याधीचा रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवू का मग?"

त्या दवाखान्यात एका शिक्षिकेवर मानसिक उपचार चालले होते. तिच्या कागदाचा फोटो शाळेत सगळ्यांच्या फोनवर फिरला. नोंदीनुसार तो कागद ताईच्या कॉम्प्युटरवरून, ताईच्याच नावाने, दुपारी दीड वाजता उघडला होता. ताई तेव्हा वर जेवायला गेली होती.

"पासवर्ड कुणाला तरी दिला असणार तुम्ही," संगणक विभागाचा प्रमुख म्हणाला. चौकशी सोमवारी, तोवर घरी बसायचं.

ताई आपला चष्मा आणि डबा घ्यायला खोलीत आली. स्क्रीन पासवर्ड मागत होती, आणि तिचा पासवर्ड तर संगणक विभागाने बदलूनही टाकला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकाम्या चौकटीवरच तिने एंटर आपटलं. 'चुकीचा पासवर्ड.' पुन्हा आपटलं.

कॉम्प्युटर उघडला.

तिने लॉक करून पुन्हा पाहिलं. एक अक्षरही न टाकता, दोनदा एंटर. पुन्हा उघडला. ती तशीच प्रमुखाकडे गेली आणि त्याला सांगितलं. त्याने मान वर केली नाही. "ताई, ही सिस्टीम जगभर चालते. घरी जा, आराम करा."

घरी नवरा म्हणाला, "अगं, चूक झाली म्हण आणि मोकळी हो. निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत."

"अहो, मी केलेलीच नाही ती चूक."

"पण ऐकणार कोण तुझं?"

ती सोमवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती.

चौकशी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये झाली. ताई खुर्चीवर बसलीच नाही. "साहेब, तुमचा कॉम्प्युटर लॉक करा." त्यांनी केला. तिने टेबलावरून हात लांबवला, दोनदा एंटर दाबलं, आणि डॉक्टरांची सगळी पत्रं उघडी पडली.

प्रमुखाचा चेहरा उतरला. "दोष सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचा आहे. दुरुस्ती आली होती महिन्यापूर्वी. इथे टाकायची राहिली."

"महिन्यापूर्वी," ताई म्हणाली. "आणि चोर मी."

दोन दिवसांनी पत्र आलं: गैरसमजातून झालेली कारवाई मागे घेत आहोत. तिने सही करायला नकार दिला. "गैरसमज कसला? दुरुस्ती टाकली नाही, असं लिहा."

"ताई, विषय वाढवू नका," डॉक्टर म्हणाले.

"माझं नाव घेताना नाही वाटलं वाढवू नये असं?"

तिसऱ्या खेपेला तिला हवं ते वाक्य पत्रात आलं. कागद कुणी उघडला, ते मात्र कळलंच नाही.

पत्राची प्रत घेऊन ताई शिक्षिकेच्या घरी गेली. शिक्षिकेने शाळा सोडली होती. उंबऱ्यात उभी राहूनच तिने पत्र वाचलं.

"म्हणजे महिनाभर कुणीही उघडू शकत होतं?"

"हो."

"आणि हे मला कोण सांगणार होतं?"

दवाखान्यातून या घरी साधा फोनही आला नव्हता. ताई म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर दोघी शेजारी बसल्या. शिपायाने विचारलं, वेळ घेतली आहे का. "नाही," ताई म्हणाली, आणि बसून राहिली.