नमुन्यातलं नाव

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा ते माझ्या समोरच होते. म्हणजे त्यांचं नाव होतं. आम्ही दोघं आपापल्या घरून, इंटरनेटवरच्या एकाच फाइलमध्ये काम करत असू. जो फाइल उघडून बसला असेल त्याच्या नावाची छोटी पट्टी मजकुरावर दिसते आणि तिच्याखाली एक उभी रेघ लुकलुकत राहते. त्या दुपारी भाऊंची पट्टी शोकवार्तेच्या नमुन्यावर थांबली होती. मी बाजूला लिहिलं, "भाऊ, तारीख मधोमध घ्यायची की उजवीकडे?" उत्तर येईना. विचार करत असतील म्हणून मी थांबले... तेवढ्यात त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन. भाऊ सकाळीच गेले होते. चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसले ते बसल्या जागीच गेले. मी फोन ठेवला, आणि रेघ तशीच लुकलुकत होती. लॅपटॉप बंद करायचं त्या घरात कोणाला सुचणार?

भाऊ मूळचे धुळ्याकडचे. वडिलांबरोबर सुरतेला मागावर काम करायला आले आणि कसे कोण जाणे, संगणकाला चिकटले. पर्वत पाटियाजवळच्या एका पत्रिकांच्या दुकानात आम्ही कित्येक वर्षं शेजारी बसून अक्षरजुळणी केली. आलेला मजकूर पानावर नीट मांडून छपाईला द्यायचा, हे आमचं काम. लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यांची लेबलं, बेसण्याची, म्हणजे मयतानंतरच्या शोकसभेची निमंत्रणं, गुजराती, मराठी, जे येईल ते. भाऊंच्या नाकावर राग आणि जिभेवर अहिराणी. दोन ओळींतलं अंतर चुकलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. दुकान सुटल्यावर हा माणूस गप्प बसेल असं त्यांच्या बायकोला, कमलवहिनींना, वाटलं होतं. कसचं काय! त्यांनी अक्षरजुळणीवरचं नियतकालिक काढायचं ठरवलं. मराठीत, इंटरनेटवर, आणि तेही सुरतेतून. ऐकणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. मी सामील झाले, कारण भाऊंना नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

पहिले लेख आले आणि आमचं डोकं फिरलं. कोणी शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार बडवत बसलेला, कोणी प्रत्येक परिच्छेदाला नवा टाइप दिलेला. भाऊ म्हणाले, आधी नियमावली, मग अंक. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर ढकलायची नाही, तळटीप चित्राखाली जाऊ द्यायची नाही, असं एकेक लिहीत गेले आणि प्रत्येक नियमाला नमुना जोडत गेले. त्या सगळ्यांच्या वर एक नियम ठेवला : नमुन्यातलं काहीही खरं नसावं. त्याला कारण होतं. नवी शोकपत्रिका करायची तर जुनीचीच फाइल उघडून नाव बदलायचं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यांचीच रीत. एकदा दुकानातून गेलेल्या पत्रिकेत खालच्या ओळीत आधीच्या मयताचं नाव तसंच राहिलं. घरची माणसं आली, भांडली नाहीत. पत्रिकेवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "आ कोण छे?" भाऊंनी ती गोष्ट मनातून कधी काढली नाही.

शोकवार्तेच्या नमुन्यापाशी मात्र आमचं वाजलं. जिवंत माणसाचं नाव काळ्या चौकटीत टाकायचं नाही, हे आम्ही सगळेच पाळत आलो. आणि चौकट रिकामी ठेवली तर ती कोणाची तरी वाट बघते, असंही जुने लोक म्हणत. मनचं नाव टाकावं, तर त्या नावाचा कोणीतरी कुठेतरी जिवंत असतोच. भाऊंनी सरळ स्वतःचं नाव टाकलं. तारीख टाकली तीस फेब्रुवारी, म्हणजे यमालासुद्धा सापडायची नाही. मी फोनवर ओरडलेच, "भाऊ, काहीतरी काय? काढा ते आधी."

"मंग कोनं टाकू?" ते हसले. "तुन्हं, वैशाली?"

मी घाईने तळटिपांचा विषय काढला.

दिवसपाणी झालं. मी पुन्हा फाइल उघडू लागले, आणि दुपार झाली की भाऊंची पट्टी आत यायची. येऊन त्या चौकटीवर थांबायची. एक अक्षर लिहिलं जात नसे. मी वर सरकले, खाली सरकले, तरी तिथेच. फाइल बंद करायचे, थोड्या वेळाने चोरासारखी पुन्हा उघडून बघायचे... शेवटी एके दुपारी उठून त्यांच्या घरीच गेले.

कमलवहिनी त्यांच्याच खुर्चीत बसल्या होत्या. समोर लॅपटॉप उघडा.

"मीच उघाडस रोज," त्या म्हणाल्या. "माले काय समजत नही वं. पन उघाडं का तठे त्यास्नं नाव दिसस ना तुले?"

मी मान हलवली. मग सहज म्हणाले, "गेल्या रविवारी तर तुम्ही संध्याकाळपर्यंत बसला होता."

वहिनी चटकन माझ्याकडे वळल्या. "रव्वारे? रव्वारे मी धुळाले व्हती. घरले कुलूप व्हतं."

लॅपटॉप चुकून उघडा राहिला असेल, असं मी बोलले.

मला जे सांगायचं होतं ते सांगणं भाग होतं. लेखक खोळंबले होते, नियमावली प्रसिद्ध झाल्याशिवाय अंक निघणार नव्हता, आणि भाऊंच्याच नियमाप्रमाणे चौकटीतलं भाऊंचं नाव आता चालणार नव्हतं. ते खरं झालं होतं. काढलं असतं तर वहिनींना रोज दुपारी लॅपटॉपवर त्यांचं नाव कुठे दिसणार होतं? ठेवलं असतं तर भाऊंचा सगळ्यात मोठा नियम मीच मोडणार होते. मी अडखळत समजावलं. वहिनींनी पदराने पडदा पुसला, त्या नावावरून दोनदा पुसला.

"मंग मन्हं टाक," त्या म्हणाल्या. "माले काय व्हई जाई आते?"

"अजिबात नाही," म्हणून मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, भाऊंचं नाव खोडलं आणि तिथे माझं पूर्ण नाव टाकलं. वहिनी माझा हात धरायला आल्या, पण तोवर झालं होतं. मग दोघी रडलो, आणि त्यांनी चहा टाकला.

घरी येऊन मी फाइल तपासली. या फाइलींमध्ये प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते. कोणी काय पुसलं, कोणी काय लिहिलं. मी भाऊंच्या लॅपटॉपवर बसले होते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नोंद अशी होती : भास्कर यांनी स्वतःचं नाव काढलं. भास्कर यांनी वैशालीचं नाव घातलं.

ती नोंद पुसता येत नाही. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. नियमावली त्याच रूपात प्रसिद्ध झाली आहे.