पाळण्याशी मी गप्प राहिले

माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. तेव्हा कोणी वाचलंच तर माफ करावं. न वाचलेलं जास्त बरं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन नाही, म्हणून कागदाला सांगते.

माझा धाकटा भाऊ परभणीला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. नोकरी लागताना भरायला पैसे कमी पडले, तेव्हा मी आईच्या पाटल्या आणि माझी मोहनमाळ मोडून त्याच्या हातात दोन लाख ठेवले. पालमच्या स्टँडवर एसटी सुटायच्या आधी तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "अक्का, पगार सुरू झाला की आधी तुझे."

पगार सुरू झाला. लग्न झालं, घर झालं, गाडी आली. माझे काही आले नाहीत. गेल्या वर्षी माझ्या पोरीचा नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा मी तोंड उघडून मागितले. "या साली न्हाई जमत अक्का, घराचा हप्ता हाय," म्हणाला. त्याच महिन्यात त्याने देवळाच्या सभामंडपाला देणगी दिली आणि माईकवर नाव पुकारून घेतलं. पोर वर्षभर घरी बसली. माझ्याशेजारी पापड लाटायची आणि एक शब्द बोलायची नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

यंदा भावजयीचे दिवस भरत आले. तिला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मला बोलावलं. आमचे मालक म्हणाले, "कशाला जातीस? फुकटची मोलकरीण पायजे त्याला." मी तरी गेले. पोरीचा नंबर पुन्हा लागला होता आणि फी भरायला थोडेच दिवस राहिले होते. तिलाही मदतीला म्हणून बरोबर नेलं.

भाऊ समोरच्या खोलीत शिकवणी घेतो. इंग्रजांची जुनी नाटकं शिकवतो. मी आत बसून डिंकाचे लाडू वळायची, मधे नुसता पडदा. इंग्रजी मला काही कळत नव्हतं, पण समजावताना तो मराठीतच समजावायचा, आणि चांगलं समजावायचा. ते मी नाकारणार नाही. राजे, सरदार, संशयी नवरे, कंजूष म्हातारे, पुरुषाचे कपडे घालून हिंडणाऱ्या पोरी. माझ्या पडद्यामागून ते सगळे जायचे-यायचे.

एका दुपारी तो सांगत होता, "शोकांतिकेतला नायक हा वाईट माणूस नसतो. मोठा असतो. पण त्याच्या स्वभावात एक खोट असते. त्याला दुसरं कोणी बुडवत नाही, ती खोट बुडवते."

मी हातातला लाडू परातीत ठेवला. याची खोट कोणती? आधी वाटलं, हाव. मग देवळातला माईक आठवला. हावऱ्याच्या हातून देणगी सुटत नाही. हा गल्लीत भाजीवालीला सुटे पैसे सोडून देतो आणि दार लागलं की बायकोला दुधाचा हिशोब विचारतो. याची खोट म्हणजे लोक. लोक काय म्हणतील, एवढाच याचा देव.

दुसऱ्या एका दिवशी एका मुलीने विचारलं, "सर, नायकावर अन्याय झाला होता ना? मग सूड घेतल्यावर तो का मरतो?"

"शोकांतिका सूड घेणाऱ्याला सोडत नाही," भाऊ म्हणाला. "दुसऱ्यासाठी पेटवलेल्या आगीत तोही जातो."

"मग सुखांतिकेत सूड नसतोच का, सर?"

तो हसला. "असतो की. तिथे मारत नाहीत, चारचौघांत हसं करतात. खरं सांगू? ते जास्त वाईट. मेलेल्या राजाला दुसऱ्या दिवशी बाजारात जावं लागत नाही."

पोरं हसली. पडद्यामागे मीही हसले, पदर तोंडाशी धरून. तोवर त्याच्या भाकरीला तूप लावताना मी मनात नाही नाही ते चिंतत होते. त्याची गाडी पुलावरून खाली गेली, त्याची नोकरी गेली, त्याच्या दारी कोणी आलं नाही. ते सगळं मी त्या दुपारी सोडून दिलं. मला आगीत जायचं नव्हतं. पोरीची फी भरायची होती.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं. त्याने प्राचार्यांना बोलावलं, कॉलेजातले सगळे बोलावले, गल्ली बोलावली. आणि नाव बाळाच्या कानात आत्यानेच सांगायचं असतं. भावाला बहीण मी एकटी.

आदल्या दिवशी त्याने मला नाव सांगितलं. चांगलं लांबलचक, संस्कृत. "घाबरू नको हं अक्का. कुर्र करायचं, नाव सांगायचं, बस्स. विसरणार नाहीस ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

बारशाला आमचे लिंगायतांचे स्वामी आले, त्यांनी बाळाला इष्टलिंग बांधलं. मग बायकांनी बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवून आत ठेवलं. मी वाकले. वाकले की मागून बायका आत्याच्या पाठीत बुक्क्या घालतात, तशा सुरू झाल्या. मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि तोंड मिटलं.

"सांग की वं आत्याबाई!" शेजारची म्हातारी ओरडली.

"लाजायलीय ती."

"लाजायली कशाची? मान मागायली! दे रे मास्तर आत्याला काईतरी!"

सगळे हसले. भाऊही हसला, प्राचार्यांकडे बघत, आणि पाचशेची नोट माझ्या हातात ठेवली. मी ती बाळाच्या दुपट्यावर ठेवली. आणखी हशा. त्याने बोटातली अंगठी काढली. मी मान हलवली. बुक्क्या वाढल्या. पाठ हुळहुळली, पण एकेक बुक्की मला गोड लागत होती.

तो माझ्याजवळ वाकला. "अक्का, काय लावलंयस? सर बघायलेत." कॉलेजची भाषा गळून पडली होती.

नाव सांगावं तसं मी त्याच्या कानात सांगितलं, "माझे दोन लाख."

"आत्ता? हितं?"

"आत्ता. हितं."

"याड लागलं का तुला? देतो की नंतर."

"नंतर नंतर करून पोरीचं वरीस गेलं."

तो ताठ झाला, लोकांकडे बघून हसला. "अक्का चेष्टा करायली."

"काय म्हणती ती?" म्हातारीने विचारलं.

माझा आवाज कुठून आला ते मला अजून माहीत नाही. "आईच्या पाटल्या मोडून याला नोकरीला पैसे दिले. ते मागायलेय."

घुगऱ्या खाणारी तोंडं थांबली. मग आतून, बाजेवरून, भावजय बोलली. तिला मी काही सांगून ठेवलं नव्हतं. "वन्सं, मला तर ते फेडले म्हणून सांगितलं होतं हो यांनी."

"अगं बाई! फेडले म्हणला?" म्हातारी म्हणाली.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी खोली हसली. प्राचार्य घुगऱ्यांची वाटी धरून पंख्याकडे बघत राहिले.

भावाने फोन काढला. घसा खाकरून, माईक हातात असल्यासारखा तो म्हणाला, "भाचीच्या शिक्षणासाठी मी आज..."

"मास्तर, आधी पाठीव, मग भाषण कर," म्हातारी म्हणाली.

पोर दाराशी उभी होती. तिचा फोन वाजला. "माय, लाख आले."

"अन् दुसरा?"

"फोनवरून दिवसाला लाखाच्या वर जात न्हाईत, अक्का." खोटं नव्हतं, पोरीनेही मान हलवली.

"मग नाव उद्या," मी म्हणाले आणि पाळण्यापासून बाजूला झाले.

लोक जेवले. जाताना जो तो रीतीप्रमाणे विचारायचा, बाळाचं नाव काय ठेवलं? भाऊ हात जोडून दाराशी उभा, आणि आत्याने कानात सांगितल्याशिवाय त्याला सांगता येत नव्हतं. त्याच्याच कॉलेजातला एकजण पायात चप्पल घालता घालता म्हणाला, "उद्या कळेल, दुसरा हप्ता आला की." मी आत पराती घासत होते. एकेक हसू मोजून घेतलं. मला दया आली नाही. आली असती तर इथे लिहिली असती.

सकाळी दूध आणायला तो गेला नाही, मला पाठवलं. दूधवाल्याने माप ओतताना विचारलं, "मावशी, पोराला नाव मिळालं का?" मी घरी आल्यावर ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो पेपर तोंडासमोर धरून बसला.

"आधी नाव सांग," शेवटी पेपरामागून म्हणाला. "मग पाठवतो."

"आधी पाठव."

भावजय आतून म्हणाली, "पाठवा हो. माझं लेकरू बिननावाचं पडलंय."

त्याने फोन उचलला. बोट दाबताना माझ्याकडे बघितलं नाही. पोर माझ्या शेजारी पाटावर बसली होती, फोन मांडीवर. तो वाजला. तिने दोनदा वाचलं, मग मला दाखवलं. मला तेवढं वाचता येतं. बाकी काही राहिलं नव्हतं. मी उठले, पाळण्यावर वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं.