मास्तरांचे सहा आकडे

सूर्यकांत राऊत स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण डहाणूत आमच्या आळीत ते अजून मास्तरच आहेत. मी नाटकात आयुष्य घालवलेली बाई, माणसं आवाजावरून ओळखते. मास्तरांच्या तोंडून प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ येतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. आमच्या कंपनीतल्या एकाही नायकाला तो आवाज नव्हता. दर रविवारी वाचनालयात ते आम्हा म्हाताऱ्यांना फोन शिकवतात. सगळीकडे एकच पासवर्ड का ठेवू नये, अनोळखी लिंक का उघडू नये, कोड कुणाला का सांगू नये. पुढच्या रविवारी आम्ही सगळं विसरून येतो आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

परवा सकाळी त्यांच्याकडे चिकू द्यायला गेले, तर मास्तर ओटीवर मान खाली घालून बसलेले.

"ताई, मी नंबर दिला."

"कुणाला?"

"कंट्रोलला."

नयनावहिनी, मास्तरांच्या पत्नी, आतून आल्या. "कंट्रोल कसलं? चोर होता चोर! जगाला शिकवायचं आणि स्वतः चोराला पाट मांडून बसवायचं."

झालं होतं असं. सकाळीच फोन आला, "कंट्रोलमधून बोलतोय, पेन्शनवाल्यांची पडताळणी आहे, मोबाईलवर सहा आकडे आलेत ते सांगा." मास्तरांनी सांगितले. नुसते सांगितले नाहीत, एकेक आकडा सुटा करून दोनदा म्हटले.

याचं नवल वाटत असेल तर रेल्वेची रीत ऐका. गाडी यायची असली की मास्तर फाटकावर फोन करतो. फाटक बंद झालं की गेटमन त्याला एक खासगी नंबर सांगतो. त्या नंबराच्या भरवशावर सिग्नल पडतो आणि गाडी सुटते. फोनवर आपल्या माणसाने नंबर मागितला की तो ताबडतोब द्यायचा, त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. मास्तरांची सगळी नोकरी यात गेली. रविवारची शिकवण डोक्यात होती, पण 'कंट्रोल', म्हणजे सगळ्या गाड्यांना हुकूम देणारं वरचं ऑफिस, हा शब्द कानावर पडला आणि जीभ आपसूक चालली.

ते सहा आकडे त्यांचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करण्याचे होते. आता चोर मास्तरांच्या नावाने आत बसला होता आणि मास्तर बाहेर. मी साज चढवून विंगेत उभं राहावं आणि माझं लुगडं नेसून भलतीच कुणी रंगमंचावर जाऊन बोलू लागावी, तसं. खातं परत घ्यायला गेलं की काही तास थांबा, एवढंच उत्तर येत होतं.

सायबर हेल्पलाइनला कळवलं. मग माझ्या फोनवरून मास्तर एकेकाला सांगू लागले, "माझ्या नावाने काही आलं तर उत्तर देऊ नका, कोड तर मुळीच नको."

वाचनालयातल्या ललितभाईंनी विचारलं, "पण तुम्ही मास्तरच कशावरून?"

"शाब्बास," मास्तर म्हणाले. तेवढा एकदाच त्यांचा चेहरा उजळला.

दौलतचा फोन मात्र बंद होता. दौलत त्यांच्या हाताखालचा जुना गेटमन, आता तलासरीजवळ वेवजी गावात घरी असतो. मी त्याला मेसेज टाकला. एकच टिक आली.

"म्हणजे त्याच्या फोनवर पोचलाच नाही," मास्तर म्हणाले. "मध्ये सर्व्हरवर थांबलाय. चोरानेही टाकला असेल तर तोही तिथेच थांबलाय. फोन चालू झाला की दोन्ही एकदम जातील."

"मग माझाही वाचेल की."

"आधी माझ्या नावाचा उघडेल, ताई. मी नंबर मागितला आणि दौलतने दिला नाही, असं कधी झालेलं नाही. त्याचंही खातं गेलं की त्याच्या नावाने अख्ख्या वेवजीला फसवतील."

त्यांना एकट्याला कसं सोडायचं? एसटीने तलासरी गाठली, तिथून रिक्षा. उन्हात त्यांचा चेहरा रंग पुसल्यावर नटाचा दिसतो तसा दिसत होता.

दौलत अंगणातच होता. साहेबांना पाहून धावत आला. सकाळपासून वीज नव्हती, फोन मेलेला. आत्ता कुठे वीज येऊन चार्जिंगला लावला होता. मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. दौलतने मान हलवली. इतक्यात आत फोन टुणटुणला. तो जाऊन बघून आला आणि खणखणीत आवाजात त्याने सहाच्या सहा आकडे मास्तरांना वाचून दाखवले.

"अरे, हेच सांगायचं नाही म्हणतोय ना!"

"पण साहेब, तुमचंच नाव आहे. तुम्हीच मागितलाय."

बायजी, त्याची बायको, हसत म्हणाली, "हा झोपेतपण नंबर सांगायचा. फाटक बंद, नंबर घ्या!"

मी म्हटलं, ही तालमीची गोष्ट आहे, समजावून भागायचं नाही. दोघांना समोरासमोर बसवलं. मास्तर म्हणाले, "दौलत, नंबर दे." दौलत खाली बघत राहिला. "म्हण, नाही देणार," मी म्हटलं. त्याचे ओठ हलले, शब्द फुटेना.

"मलासुद्धा द्यायचा नाही, दौलत. कुणालाच नाही."

"तुम्हालापण नाही?" त्याला ते फार लागलं, दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मास्तरांचं नाव आणि गणवेशातला फोटो. दौलतने फोनकडे पाहिलं, समोर बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. त्याने फोन उचलला, पलीकडचं थोडं ऐकलं आणि पाय जुळवून उभा राहिला.

"नाही देणार, साहेब."

फोन ठेवल्यावर तो घामाने भिजला होता. "साहेब, राग मानू नका."

"बस खाली," मास्तर म्हणाले. मग त्याच्या व्हॉट्सॲपला वेगळा पिन लावून दिला, कोड चोरीला गेला तरी खातं उघडू नये म्हणून. दौलत पिन टाकत असताना स्वतः तोंड फिरवून बसले.

निघताना त्यांना उठवेना. मी हात दिला. मास्तरांच्या ओळखीतल्या, सायवन गावच्या सोनीबाईंचाही फोन सकाळपासून लागत नव्हता, म्हणजे आता तिकडे जायचं होतं, आणि तिकडची एसटी किती वाजता, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.