बाबांचं फेसबुक आणि माझी मुलाखत

वैमानिकाचं लायसन्स मिळून दीड वर्ष झालं तरी मी बडोद्याला सुभानपुऱ्यात घरीच बसून होते. मग एकदाचं एका विमान कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. फ्लाइंग स्कूलमधल्या एका सीनियर ताईला फोन केला, तर अभ्यासाचं राहिलं बाजूला, ती म्हणाली की आधी इन्स्टाग्राम आणि फेसबुक साफ कर, हल्ली कंपनीवाले ते सगळं बघतात.

मी दुपारभर बसून स्वतःलाच चाळलं. गरब्याच्या एका फोटोखाली मीच लिहिलं होतं, ‘सलग चौथी रात्र, झोप नाही, तरी फुल एनर्जी.’ वैमानिकाने जागरणाचा असा गवगवा करायचा नसतो. काढला. कंट्रोल टॉवरवरच्या साहेबांची नक्कल केलेलं रील काढलं. प्रशिक्षणाच्या विमानातून टिपलेला सूर्यास्त फार सुंदर होता. पण तेव्हा मोबाइल कोणाच्या हातात होता, हे मुलाखतीत विचारलं असतं. तोही गेला. उरले ते फोटो आधार कार्डासाठी काढल्यासारखे होते.

आई शाळेतून आली. चहा गाळता गाळता तिने विचारलं, “आणि बाबांचं?”

बाबांचं माझ्या लक्षातच नव्हतं. रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून ते रोज फेसबुकवर लिहायचे, आणि लिहायचे ते माझ्याबद्दल. उघडलं तर मी विमानाच्या सीटवर मान टाकून झोपलेली, खाली ‘विमान चालवून दमलेली माझी लेक’. विमान त्या दिवशी दुरुस्तीला हँगरमध्ये उभं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. निजामपुऱ्याच्या आत्याने मात्र लिहिलं होतं, ‘झोपू दे बिचारीला.’

मी तो आणि तसले बाकीचे सगळे फोटो काढायला सांगितले.

“झोपलीच आहेस ना?” बाबा म्हणाले. “दारू तर प्यायली नाहीस.”

तासभर वाद झाला. शेवटी त्यांनी एकेक फोटो काढला, पण प्रत्येकाखालच्या कॉमेंट्स मला मोठ्याने वाचून दाखवून मगच.

मुलाखतीला समोर तिघं होते. विमानाबद्दलचे प्रश्न बरे गेले. मग मधल्या कॅप्टननी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. ते कंपनीचं स्वतःचं पान होतं. उशिरा सुटणाऱ्या विमानांवर लोक संतापले होते, आणि त्यांच्यात बाबांनी लिहिलं होतं, ‘थोडा धीरज रखो. मेरी बेटी आप के यहाँ आ रही है. सब टाइमसर हो जाएगा.’ दिवाळीच्या शुभेच्छांखालीही बाबाच होते, ‘शुभ दिवाली. इंटरव्यू कब?’

कॅप्टननी इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ कोण? बडोद्यात आमच्या आडनावाची बरीच घरं आहेत, असं सांगता आलं असतं. क्षणभर ओठांवर आलंही होतं.

“माझे वडील, सर.”

“ते आमच्या विमानाने नेहमी जातात?”

“ते कधीच विमानात बसलेले नाहीत, सर.”

बाजूच्या बाई खाली बघून हसल्या. कॅप्टननी लॅपटॉप मिटला आणि पुढचा प्रश्न पावसातल्या लँडिंगवर विचारला.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. बाबांनी पोस्ट लिहिली आणि टाकायच्या आधी, पहिल्यांदाच, फोन माझ्या हातात दिला. तीन ओळींत चार चुका होत्या. मी फक्त कंपनीचं नाव काढलं आणि फोन परत दिला.